बर्डीवरचं बिनपाटीचं कॅमेरा दुरुस्तीचं दुकान: बारा वर्षांचा अनुभव, पाचपैकी चार स्टार

ज्यांना फक्त पत्ता पाहिजे त्यांच्यासाठी आधी पत्ता. नागपुरात सीताबर्डीला, म्हणजे आमच्या बर्डीवर, मेन रोडच्या मागच्या गल्लीत, खाली रेडिमेड कपड्यांची दुकानं आहेत त्याच्यावर दुसरा मजला, जिना अरुंद आणि जिन्यात बाराही महिने खालच्या दुकानांची गाठोडी पडलेली, ती ओलांडत जायचं. दुकानाला पाटी नाही. होती, पण मेट्रोचं काम चाललं होतं तेव्हा उतरवली ती आतल्या भिंतीला टेकून ठेवली आहे आणि तिच्यावरची अक्षरं केव्हाच उडाली, त्यामुळे नाव विचारू नका, मलाच बारा वर्षांत वाचता आलं नाही. व्हेरायटी चौकाजवळच्या एखाद्या जुन्या स्टुडिओवाल्याला "कॅमेरा खोलणारे काका कुठं बसतात" एवढं विचारा, तो बोट दाखवेल. वेळ सकाळी अकरा ते दोन आणि संध्याकाळी पाच ते आठ, रविवारी बंद. मे महिन्यात भर दुपारी बर्डीवर येणाऱ्याला मेकॅनिकची नाही डॉक्टरची गरज आहे असं काकांचं म्हणणं आहे, आणि त्यात काही चुकीचं आहे असं मला तं वाटत नाही.

एका ओळीत सांगायचं तर रोलचा कॅमेरा, चाव्या-स्प्रिंगांचा, मेकॅनिकल, तो खराब झाला असेल तर डोळे मिटून इथं न्या. डिजिटल असेल तर जिना चढू नका. घाई असेल तरी चढू नका.

आता लांबण. माझ्याकडे सध्या चौतीस कॅमेरे आहेत. घरचे म्हणतात छत्तीस, कारण त्यात ते माझे दोन बंद पडलेले मोबाइल पण धरतात. सुरुवात बाबांच्या अ‍ॅग्फा क्लिक थ्रीपासून झाली, तो बडोद्याला बनायचा, काळा प्लॅस्टिकचा डबा म्हटलं तरी चालेल, १२० चा रोल लागायचा आणि एका रोलमधे बारा चौकोनी फोटो. बारा म्हणजे बाराच. तेलंगखेडीच्या बागेत गेलो की घरातल्या सहा जणांत बाबा ते रेशनसारखे वाटायचे, धाकट्या बहिणीनं ऐन वेळी डोळे मिटले तर तो तिचाच फोटो, दुसरा मिळणार नाही. रोल बहुतेक वेळा इंदूचा असायचा, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा, आणि धुवायला टाकला की आठ दिवस नुसती वाट पाहायची. मला वाटते मला छंद लागला तो कॅमेऱ्याचा नाहीच, त्या आठ दिवसांचा लागला. पुढं नोकरी लागली, हातात पैसे आले, मग कुठं कबाड्याकडे, कुठं बंद पडलेल्या स्टुडिओच्या सामानात, कुठं लग्नात ओळख झालेल्या पाहुण्याच्या आलमारीत, असे एकेक जमत गेले. पण माझा एक नियम आहे, शोकेससाठी कॅमेरा घ्यायचा नाही. जो आहे तो चालला पाहिजे, वर्षातून एक रोल तरी त्यातून गेला पाहिजे. आणि हा नियम पाळायचा म्हटलं की कॅमेरा घेण्यापेक्षा तो खोलणारा माणूस शोधणं जास्त कठीण, हे कळायला मला वीस वर्षं लागली.

काकांकडे पहिल्यांदा गेलो ते २०१३ च्या जूनमधे, निकॉन एफएम टू घेऊन. हा कॅमेरा १९८२ चा, १/४००० सेकंदापर्यंत उघडझाप करणारा शटर, आणि सगळं मेकॅनिकल, बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या लाइट मीटरला, बॅटरी संपली तरी फोटो निघणारच. असा गडी अचानक फोटो पांढरे देऊ लागला. सगळे नाही, उन्हातलेच. सावलीतले एकदम बरोबर, आणि फुटाळा तलावावर दुपारी काढलेले सगळे धुतल्यासारखे. मी शटरला दोष देत होतो, शटर गेला म्हणजे कॅमेराच गेला असं धरून दोन रात्री नीट झोपलो नव्हतो. काकांनी कॅमेऱ्याकडे पाहिलंच नाही. लेन्स काढली, रिंग एफ १६ वर नेली, म्हणजे लेन्सचं भोक अगदी बारीक होते तिथं, मागचा तो बारीक दांडा बोटानं दाबून सोडला, परत दाबून सोडला आणि लेन्स माझ्यासमोर धरली. "पाहा, पाती कशी झोपून-झोपून येऊन राहिली."

खरंच. सोडल्याबरोबर टच्‌कन मिटायला पाहिजेत ती भोक लहान-मोठं करणारी पाती रेंगाळत मिटत होती आणि त्यांच्यावर तेलाचा तवंग चमकत होता, भज्याच्या कागदावर असतो तसा. शटर उघडायच्या आत पाती मिटत नव्हती, म्हणून एफ १६ च्या जागी फोटो कुठं एफ ४, कुठं एफ ५.६ वर, म्हणजे मोठ्या भोकानं, निघायचा. सावलीत लेन्स पूर्ण उघडी ठेवूनच काढत होतो म्हणून तिथं काही कळायचं नाही. हे तेल आलं कुठून? तं फोकसच्या पेचात जे ग्रीस असते ते जुनं होऊन उन्हाळ्यात सुटते आणि त्यातलं तेल हळूहळू पात्यांवर उतरते. मग त्यांनी विचारलं, कॅमेरा ठेवता कुठं? मी म्हटलं, वरच्या मजल्यावर, आलमारीच्या वर. म्हणजे स्लॅबच्या खाली हातभर. नागपुरात. मे महिन्यात. काका काही बोलले नाहीत, नुसतं चष्म्याच्या वरून पाहिलं, पण ते पाहणं मला अजून आठवते.

त्या दिवशी तिथं दीड तास बसलो. काम करताना समोर बसू देतात ही या दुकानाची सगळ्यात मोठी गोष्ट, मोठ्या सर्विस सेंटरमधे काउंटरच्या पलीकडे काय चाललं ते देवालाच ठाऊक, इथं सगळं तुमच्या नाकासमोर. टेबलावर पांढरा टर्किशचा टॉवेल, स्क्रू पडला तर उडू नये म्हणून. आणि इडलीपात्र. खरं इडलीपात्र, अ‍ॅल्युमिनियमचं, चार खणांच्या तीन थाळ्या. पहिला थर खोलला की त्याचे स्क्रू पहिल्या खणात, दुसऱ्या थराचे दुसऱ्यात, असं घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, जोडताना मग उलटं यायचं, डोकं लावायचं काम नाही. लेन्सच्या तोंडाची रिंग फिरवायला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेलं झाकण. स्क्रूड्रायव्हर मात्र चांगले, जपानी मापाचे. साधा स्टार पाना जपानी स्क्रूच्या खाचेत नीट बसत नाही, घसरतो आणि खाच खाऊन टाकतो, म्हणून जुना कॅमेरा विकत घेताना आधी खालच्या प्लेटचे स्क्रू पाहायचे, खाचा खाल्लेल्या असल्या तर कोणी तरी अडाण्यानं हात घातलेला आहे. हे मी त्यांच्याकडूनच शिकलो आणि त्यानंतर निदान दोन सौदे यावरून सोडले. पाती एकेक करून लायटरच्या पेट्रोलमधे धुतली, कोरडी केली आणि कोरडीच बसवली, तेलाचा थेंब नाही. तेव्हा सहाशे रुपये घेतले. ती लेन्स आजही टच्‌कन मिटते. कॅमेरा आता खालच्या खोलीत असतो.

दुसरी गोष्ट सांगायचीच आहे ती टीव्हीची. दुकानाच्या कोपऱ्यात पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही आहे, ढेरपोट्या, आणि तो कोणी पाहत नाही. मला पहिले वाटलं फेकायचा राहिला असेल. २०१९ ला नागभीडची छोटी गाडी बंद होणार असं कळलं तेव्हा मी पेन्टॅक्स के १००० घेऊन इतवारीला तीन दिवस गेलो, चांगले दोन रोल काढले, ऊन कडक होतं म्हणून बरेचसे १/१००० वर. रोल धुऊन आले तं प्रत्येक फोटोत एका बाजूला काळपट पट्टा. इंजिनाचं तोंड स्वच्छ आणि डबे अंधारात. गाडी तोवर बंद झालेली होती, परत काढायचा प्रश्नच नाही. तो कॅमेरा घेऊन मी काकांकडे गेलो तेव्हा, खरं सांगतो, तो फेकून मारायच्या तयारीत होतो.

काकांनी खिडकीला चादर लावली, टीव्ही सुरू केला, नुसता निळा पडदा, लेन्स काढली, मागचं झाकण उघडलं आणि कॅमेरा माझ्या डोळ्याला लावून दिला. म्हणे दाबा. १/१००० वर दाबलं तं निळ्या पडद्यावर एक तिरपी उजेडाची पट्टी दिसली, क्षणभरच, आणि ती एका टोकाला जाड अन्‌ दुसऱ्या टोकाकडे बारीक होत होत गायब. तीनदा दाबलं, तिन्ही वेळा तेच. मग त्यांनी समजावून सांगितलं ते असं की, आपल्याकडच्या ट्यूबच्या टीव्हीवर सेकंदाला १५,६२५ ओळी आखल्या जातात, वरून खाली. म्हणजे शटर खरंच एक हजारांश सेकंद उघडा असेल तर त्यातून साधारण पंधरा-सोळा ओळी दिसल्या पाहिजेत, १/५०० ला एकतीस, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या दिसल्या पाहिजेत. के १००० चा शटर कापडाचा, दोन पडदे आडवे धावतात, पहिला उघडत जातो, दुसरा झाकत जातो, मधे जी फट राहते तिच्यातून फोटो. माझ्या कॅमेऱ्यात पहिला पडदा म्हातारा झाला होता आणि दुसरा त्याला वाटेतच गाठत होता. फट मिटली की उजेड खतम.

मला ते इतकं आवडलं की रागच गेला. मुद्दा असा की टेस्टिंगचं मशीन नाही, कॉम्प्युटर नाही, कबाडात कोणी शंभर रुपयाला घेणार नाही असा टीव्ही, आणि त्याच्यावर माणूस हजारांश सेकंद ओळी मोजून सांगतो. आता मोबाइलचे अ‍ॅप निघाले आहेत याच्यासाठी, मी पण एक ठेवलं आहे, दोन्ही ताडून पाहिलं, काकांचा टीव्ही काही खोटा पडला नाही.

आणि इथंच त्यांच्यात अन्‌ बाकीच्यांत फरक आहे. पडदा हळू झाला की खालची प्लेट उघडून स्प्रिंगचा ताण एक-दोन चावी वाढवायचा, पाच मिनिटांचं काम आहे, गिऱ्हाईक खूश होऊन जाते. वर्षभरानं ते पुन्हा येते कारण आतलं वाळलेलं तेल तसंच आहे, आणि ताणलेली स्प्रिंग आता आणखी थकलेली. काकांनी ताण वाढवायला चक्क नकार दिला. आधी सगळं धुणार, मग तेल, मग आठ दिवस नुसता ठेवून रोज वीस-पंचवीस वेळा दाबणार, आणि इतकं करूनही फरक राहिला तरच चावीला हात. मला अकरा आठवड्यांनी कॅमेरा मिळाला. अकरा. ते पुढं तक्रारीत येईलच.

आता माझ्या याशिका इलेक्ट्रो ३५ बद्दल, कारण हा कॅमेरा लोकांकडे फार सापडतो, लग्नाच्या आहेरात आलेला, फॉरेनहून आलेल्या मामाचा, आलमारीत पडलेला. १९६६ पासून निघालेलं मॉडेल, समोर ४५ एमएम एफ १.७ ची लेन्स, रात्री दिव्याच्या उजेडात काय फोटो देते ते पाहिलं तर आजचे मोबाइलवाले गप्प बसतील. पण याच्या पोटात एक रबराची चकती असते, बोटाच्या नखापेक्षा लहान, ती पन्नास वर्षांत चुरा होते आणि कॅमेऱ्याची अक्कल जाते. ओळखायचं कसं, तं रोल पुढं सरकवायचा खटका ओढताना आतून एक "खट्ट" असा आवाज आला पाहिजे. आला तर चकती शाबूत. नुसताच मुका फिरला तर गेली. काका माझ्या फोनवरच आवाज ऐकून सांगतात, अर्थात फोन उचलला तर. माझ्या इलेक्ट्रोचा खट्ट गेला होता, त्यांनी चकती कुठून तरी रबर कापून बनवली, जाडी अगदी मापात लागते म्हणून तीन कापून फेकल्या. त्याची मूळची बॅटरी पाऱ्याची, ५.६ व्होल्टची, ती आता मिळत नाही, तं पितळी नळी अन्‌ एलआर ४४ चे चार बटन सेल, सहा व्होल्ट, झालं काम. पाऱ्याच्या बॅटरीचा कॅमेरा आहे म्हणून कबाड्याला देऊन टाकणाऱ्यांनी हे वाचावं.

नकार देणं हा त्यांचा गुण आहे की अवगुण हे मला ठरवता येत नाही. माझ्या रशियन झेनिटची हेलिओस लेन्स, तिच्याही पात्यांवर तेल होतं, मी म्हटलं हिला पण धुऊन द्या. म्हणाले, नाही धुणार. का? कारण या लेन्समधे पाती तुम्ही हातानं मिटवता, फोटोच्या आधी, निवांत. स्प्रिंगनं धावत यायचंच नाही तिला, तेल असलं काय नसलं काय. "काहून पैसे फेकता भाऊ, फोटो तेवढाच येईल." सहाशे-सातशे रुपये हातचे सोडणारा दुकानदार मी तरी बर्डीवर दुसरा पाहिला नाही. पण हाच माणूस माझ्या मित्राच्या जर्मन कॅमेऱ्याला हात लावायला तयार झाला नाही, सेलेनियमचा मीटर मेलेला होता, "मेलेलं जिवंत नाही होत" एवढं म्हणून डबा परत. मित्र बिचारा हिंगण्याहून आलेला. दोन शब्द जास्त बोलायला काय जाते? डिजिटलचं तं विचारूच नका. माझ्या निकॉन डी ९० चं रबर सुटून लोंबत होतं, नुसतं चिकटवायचं होतं, तरी म्हणे हे मोबाइलवाल्याकडे न्या. डी ९० म्हणजे २००८ चा, व्हिडिओ काढणारा पहिला डीएसएलआर, त्याला मोबाइलवाल्याकडे पाठवतात म्हणजे हद्दच आहे, पण असो.

बुरशीबद्दल त्यांच्याकडून जे ऐकलं ते प्रत्येक नागपूरकरानं ऐकावं असं आहे. आपण समजतो की नागपूर कोरडं, बुरशी मुंबईवाल्यांना. मुंबईला दमट हवा आहे म्हणून तिथला माणूस काळजी तरी घेतो. आपण काय करतो, एप्रिल ते जून कूलर लावतो, खसच्या ताट्या भिजवून दोन-दोन महिने खोलीत ओली हवा कोंबतो, आणि त्याच खोलीत लेदरच्या केसमधे कॅमेरा. मग जुलै आला, पाऊस लागला, तरी कूलर चालूच. लेदर म्हणजे बुरशीचं जेवण. माझ्या तीन लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे आले होते, त्यातली एक मी आधी दुसरीकडे दिली होती (नाव घेत नाही), तिथं कोणत्या पावडरनं घासली कोण जाणे, बुरशी गेली आणि काचेवरचं चकाकी रोखणारं जांभळट कोटिंग पण गेलं. काकांनी ती उजेडात धरली, फिरवली, परत दिली, म्हणाले हिला आता सावलीतच वापरा. बाकी दोन वेळेत आणल्या म्हणून वाचल्या. बुरशी जास्त दिवस बसली की काच खाते, तिचे डाग मग पुसून जात नाहीत, हे मला त्यांनी टॉर्च लावून तिरप्या उजेडात दाखवलं. तेव्हापासून सगळे कॅमेरे केसमधून बाहेर, हवाबंद डब्यात, निळ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून. जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर तापवायचं, परत निळं होते. फक्त तवा वेगळा ठेवा. मी पहिल्यांदा पोळ्यांचाच तवा घेतला आणि त्यावरून घरात जे रामायण झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तर तक्रारी. पहिली, वेळ. "पुढच्या शनिवारी या" म्हणाले तर तो शनिवार कोणत्या महिन्यातला हे विचारून घ्या. दुसरी, पावती नाही. कॅमेऱ्याच्या पट्ट्याला दोरी बांधून त्याला कागदाचा चिटोरा, त्याच्यावर "धरमपेठ, चष्मा" असं लिहिलेलं, तो मी. माझ्यासारखे धरमपेठेत चष्मेवाले काय कमी आहेत? तिसरी, फोन. चौथी, एकदा माझ्या इलेक्ट्रोच्या वरच्या प्लेटचा स्क्रू त्यांच्याकडून हरवला, त्याजागी पितळेचा बसवला, पिवळा, दुरूनही दिसतो. स्वतःहून सांगितलं, पन्नास रुपये कमी घेतले, पण मला तो रोज डोळ्यात खुपतो. इडलीपात्र असून स्क्रू हरवतो कसा, हे मी विचारलं होतं. तं म्हणे सांबारात पडला असेल. यावर माणूस भांडणार काय.

पाचवी तक्रार आहे की नाही माहीत नाही. के १००० परत आणला, रोल भरायला मागचं झाकण उघडलं तं आत आधीच रोल होता, टेस्टसाठी टाकलेला, काढायचा राहून गेला. झाकण लगेच बंद केलं, घरी धुतला. ब्लॅक अँड व्हाइट मी घरीच धुतो, डी-७६ नावाच्या डेव्हलपरमधे, पाणी वीस डिग्री पाहिजे आणि आपल्या टाकीचं पाणी उन्हाळ्यात कसं येते ते सांगायला नको, म्हणून माठातलं पाणी आणि वर दोन बर्फाचे तुकडे. नऊ फोटो निघाले, काही उजेडानं खाल्लेले. सगळ्यात तोच टीव्ही, तोच पंखा, खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी. आणि एका फोटोत मी. टेबलापलीकडे बसलेलो, तोंड उघडं, काही तरी सांगत असेन, कॅमेरा परत आणायला गेलो त्याच दिवशीचा, मला कळलं पण नाही केव्हा दाबला ते. पट्टा नाही, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखा उजेड. तो फोटो मी मोठा करून काकांना नेऊन दिला तं त्यांनी माझ्याकडे न पाहता भिंग लावून कडा तपासल्या अन्‌ म्हणाले, "पहिला पडदा बरोबर बसला."

भाव साधारण असे, माझ्या शेवटच्या दोन वर्षांच्या कामांवरून सांगतो. लेन्सची पाती धुणं बाराशे ते पंधराशे. पूर्ण कॅमेरा खोलून साफसफाई अडीच हजारापासून. मागच्या दाराच्या फोमचा चिकट डांबरासारखा चिखल होतो तो काढून त्याजागी काळी लोकर आणि मखमल, चारशे. बाबांच्या क्लिक थ्रीचा शटर धुळीनं अडकला होता त्याचे तीनशे घेतले, मी आपला भावूक होऊन सांगत होतो की हा वडलांचा आहे, पन्नास वर्षं झाली, तर म्हणाले वडलांचा असो की आजोबांचा, स्प्रिंग तीच आहे. पूर्ण तीनशे. मुंबईला पाठवायचं म्हटलं तर कुरिअर आणि विमाच याच्या वर जातो, आणि समोर बसायला मिळत नाही ते वेगळं.

हल्ली तिथं पोरं यायला लागली आहेत, कॉलेजची, आजोबांचा कॅमेरा काढून रोल टाकणारी. चांगलं आहे. पण एक सांगतो, कॅमेरा नेताना त्याच्यात बॅटरी सडलेली असेल तर घरी चाकूनं खरवडू नका, तशीच न्या. लेन्सवर तोंडाची वाफ मारून बनियननं पुसू नका. आणि कॅमेऱ्यात नेमकं काय होते ते कागदावर लिहून न्या, शक्य असेल तर बिघडलेला रोलच न्या, काका निगेटिव्ह पाहून जेवढं सांगतात तेवढं कॅमेरा पाहून सांगत नाहीत. "चालत नाही" एवढंच सांगितलं तर ते उलट विचारतात, चालत नाही म्हणजे काय, रुसला आहे का?

एक स्टार कापला तो उशिराचा आणि चिटोऱ्याचा. पितळी स्क्रूचा नाही कापला, बाप्पा, माफ केला.

सध्या इलेक्ट्रो परत तिथंच आहे, फोकसची खिडकी धुरकट झाली म्हणून दिला. मला तो मारबतीच्या दिवशी पाहिजे, तान्ह्या पोळ्याला. पिवळी मारबत, म्हणजे रोगराई अन् वाईट घेऊन जा म्हणत मिरवणुकीनं नेऊन जाळायचा पुतळा, १८८५ पासून निघते आणि मी गेली एकवीस वर्षं तिच्यामागं इतवारीच्या गल्ल्यांतून कॅमेरा घेऊन धावतो, "घेऊन जा गे मारबत" चालू असते, धक्काबुक्कीत अगदी जवळून फोटो काढायचे तं त्याला हाच कॅमेरा, आवाज नाही. काकांना तारीख लिहून दिली, चिटोऱ्यावर मोठ्या अक्षरात. म्हणाले, होऊन जाते, पोळ्याच्या आधी या. कोणत्या वर्षीच्या ते विचारायचं राहून गेलं, उद्या पाचनंतर जाऊन विचारून येतो.